चला ओढ्याकाठी, पण त्याची हद्द ओळखून!

आषाढ लागला की आपल्या घराघरांतून दोनच विषय चालू होतात. एक, कपडे वाळत नाहीत. आणि दोन, ‘या रविवारी कुठं तरी जाऊ या ना!’ पहिल्या विषयाला दोऱ्या आणि पंखे याखेरीज उपाय नाही. दुसऱ्याला बहुतेक घरांत एकच उत्तर ठरलेलं असतं: सिंहगड नाहीतर लोणावळा. मग चार तास गाड्यांच्या रांगेत बसायचं, अर्धा तास धबधब्याखाली गर्दीत उभं राहायचं, कणीस खायचं, भजी खायची आणि रात्री दमून घरी यायचं. चिखलाने माखलेले सगळ्यांचे कपडे कोणाच्या वाट्याला येतात, हे तुम्हाला सांगायला नकोच!

मैत्रिणींनो, यंदा जरा वेगळं करून पाहा. धबधब्याला ‘भेट देऊन’ परत येण्याऐवजी रानातल्या एखाद्या ओढ्याच्या काठाकाठाने दोन-तीन तास नुसतं चाला. गर्दी नाही, गाणी नाहीत, पैशांचाही फारसा प्रश्न नाही. मात्र एक अट आहे. ओढा ही बागेतली कारंजी नव्हे. त्याची स्वतःची एक हद्द असते आणि ती त्यानं स्वतःच आखून ठेवलेली असते. ती ज्याला वाचता येते, त्याला पावसात भिजण्यासारखं सुख नाही. ज्याला येत नाही, त्याच्या घरी काय होतं ते आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतोच.

कुठं जायचं?

पुण्यातून चांदणी चौक, पिरंगुट, पौड असा रस्ता धरला, की तासाभरात उजव्या-डाव्या अंगाला भाताची खाचरं दिसू लागतात. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं घेऊन लावणी करणाऱ्या बायका दिसतात. पुढे मुळशीचा तलाव लागतो. हा तलाव नुसता पाहून पुढे जाऊ नका. मुलांना त्याची गोष्ट सांगा. १९२१ साली या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांचं नाव आपल्याला ठाऊक असतं, पण त्या सत्याग्रहात इथल्या बायकाही होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यांची गावं आणि शेतं या पाण्याखाली गेली. मुळा नदीचं हे पाणी खरं तर पुण्याकडे येऊन पुढे भीमा, कृष्णा करत पूर्वेच्या समुद्राला मिळायचं. त्यातलं पुष्कळसं बोगद्यांतून आणि नळांतून कोकणात भिरा इथं उतरवलं जातं आणि त्यावर वीज तयार होते.

तलाव ओलांडून ताम्हिणीकडे वळलात, की रान दाट होत जातं. याच भागात पिंपरी गावापासून निघून हिर्डीमार्गे खाली भिऱ्याला उतरणारी ‘अंधारबन’ची वाट आहे. नाव अगदी सार्थ. भर दुपारी पानांच्या छतामुळे संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. एका अंगाला कुंडलिकेची खोल दरी आणि वाटेला आडवे येणारे लहानमोठे ओढे. सबंध वाट बारा-तेरा किलोमीटरची आहे. सवय नसलेल्यांनी ती पुरी करण्याचा हट्ट मुळीच धरू नये. पहिले एक-दोन किलोमीटर जाऊन मागे फिरलात तरी दिवस सार्थकी लागतो. गावातला एखादा माहीतगार माणूस बरोबर घ्या. त्याला चार पैसे मिळतात आणि तुमचा जीव निर्धास्त राहतो.

आणखी एक. ताम्हिणीच्या रानाचा काही भाग २०१३ सालापासून अभयारण्य आहे. शिवाय जोराच्या पावसात जिल्हा प्रशासन आणि वनखातं अशा वाटा काही दिवस बंद ठेवतात. निघण्यापूर्वी चौकशी करा. बंदी असेल, तर ‘एवढे लोक जातातच की’ असं म्हणून कडेने घुसू नका. त्या दिवशी मुळशीच्या रस्त्यावरूनच डोंगर पाहा, गावातल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगा आणि परत या.

ओढ्याकाठी पाहायचं काय?

पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, एवढा एकच नियम मुलांना घाला. (मोठ्यांनाही घाला!) मग कानांना ओढा ऐकू यायला लागतो. सपाटीवर तो बारीक आवाजात वाहतो, दगडांच्या पायऱ्यांवर खळखळतो, डोहाशी आला की गप्प होतो. हा आवाज ओळखीचा करून घ्या. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

मध्येच कोणी तरी शीळ घातल्यासारखं वाटेल. थेट एखादा मुलगा रमतगमत, सुराची फारशी फिकीर न करता शीळ घालत चालला आहे, असंच वाटतं. तो मुलगा नसतो, तो असतो कस्तुर पक्षी. निळा-काळा, पाण्याच्या काठाचा रहिवासी. पावसाळा हाच त्याचा गाण्याचा आणि संसाराचा हंगाम. धबधब्याजवळच्या कपारीत तो घरटं बांधतो.

काठाचे दगड पाहा. त्यांवर हिरवंगार शेवाळ, त्यातून डोकावणारे नेचे, पडक्या ओंडक्यांवर बुरशीच्या छत्र्या. काठाला उंबर, जांभूळ, आंबा, हिरडा. उतारांवर कारवी. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. श्रावण सरता सरता मोकळ्या जागी तेरडा गुलाबी होतो आणि मग सोनकी पिवळी.

दगडाखालून एखादा खेकडा तिरका पळताना दिसेल. त्याला डिवचू नका. गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. पोटाखालच्या घडीत अंडी सांभाळते आणि त्यांतून निघालेली बारीक बारीक पिल्लंही काही दिवस तिथंच पोटाशी घेऊन हिंडते. ऐन पावसात, वाहत्या पाण्यात! ‘आईपण’ म्हणजे काय ते मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण सापडायचं नाही.

रानभाज्या दिसल्या तरी ओळख असल्याशिवाय खुडू नका. कुर्डू, टाकळा, भारंगी आपल्याला बाजारात ओळखता येतात. रानात त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या चार वनस्पती शेजारी उभ्या असतात. रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या गावच्या बाईकडून जुडी विकत घ्या आणि ती कशी करायची तेही तिलाच विचारा. कुठली उकळून पाणी टाकायचं, कुठलीला चिंच लागते, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

रानातलं पाणी नितळ का?

ओढ्याकडे पाहताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. उघड्याबोडक्या डोंगराचा ओढा पाऊस पडल्याबरोबर चहासारखा लाल होऊन धावत सुटतो, आणि पाऊस थांबला की थोड्याच वेळात रोडावतो. दाट रानातला ओढा मात्र साध्या पावसात नितळ राहतो आणि पाऊस थांबल्यावरही दिवसचे दिवस वाहतो.

कारण साधं आहे. पाऊस आधी पानांवर पडतो, मग फांदीवरून, खोडावरून खाली येतो. जमिनीवर कुजलेल्या पानांची जाड गादी असते. ती पाणी शोषून घेते आणि मुळांच्या वाटेनं सावकाश खाली सोडते. आपण चक्का बांधून ठेवतो आणि पाणी थेंबथेंब गळत राहतं ना, तसंच. ती गादी नाहीशी झाली, की ओतलेलं पाणी थेट खाली.

हे आपल्या पूर्वजांना शाळेत न जाता ठाऊक होतं. म्हणून तर गावोगाव ओढ्याच्या उगमाशी देवराया राखल्या गेल्या. तिथली काडी तोडायची नाही, असा देवाचा धाक. १९७० च्या दशकात पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा गावोगाव फिरून अभ्यास केला. त्या वेळी कोकणात श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावच्या लोकांनी त्यांच्याकडे साकडं घातलं होतं, की आमची राई तुटू देऊ नका. राई तुटली तर तिच्यातला ओढा आटेल. देवाच्या धाकामागे पाण्याचा हिशेब होता, तो असा.

पण म्हणून रानातला ओढा गरीब असतो असं समजू नका. पानांची गादीही एका मर्यादेपर्यंतच पाणी पिते. आषाढात महिनाभर पाऊस पडून गेला, की ती तुडुंब भिजलेली असते. मग वरून जे पडेल ते जवळजवळ सगळं ओढ्यात येतं.

पाणी चढतं कसं?

आता थोडा हिशेब. आपण किराण्याचा हिशेब करतो, तसाच सोपा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. समजा, ओढ्याच्या वरची दरी फक्त एक चौरस किलोमीटर आहे आणि तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला. पाणी झालं १० कोटी लिटर. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात १०,००० लिटरचा टँकर येतो ना, तसे १०,००० टँकर! आणि ते सगळे रिकामे होणार त्या एका अरुंद ओढ्यात.

१०० मिलिमीटर म्हणजे फार झाला, असं वाटतं का? पुण्याला वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो. ताम्हिणीला २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे पुण्याचा जवळजवळ पाऊण वर्षाचा पाऊस एका दिवसात!

शिवाय तुम्ही उभ्या आहात तिथं पाऊस पडायलाच हवा असंही नाही. डोंगराच्या माथ्यावर ढग ओतत असतो, आणि खाली तुमच्या डोक्यावर कोवळं ऊनही असू शकतं. खाली कोलाडला होड्यांतून कुंडलिकेच्या फेसाळ पाण्यात उतरण्याचा जो खेळ चालतो, तो तर वरून वीजघराचं पाणी सोडलं की सुरू होतो. आकाशात ढग असो वा नसो. नदीची पातळी आभाळाकडे बघून कळत नाही, हे एवढं लक्षात ठेवा.

पाण्याच्या जोराबद्दलही आपला अंदाज चुकतो. घोट्याच्या वर आलेलं पाणी आपल्याला ‘एवढंसंच’ वाटतं. पण पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. खाली गुळगुळीत शेवाळलेला दगड असेल, तर वेगाचं गुडघाभर पाणी धडधाकट पुरुषालाही आडवं करतं. मग लहान मुलाची काय कथा!

३० जून २०२४ च्या रविवारी लोणाव्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून गेलेल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एक बाई आणि चार मुलं. प्रवाहाच्या मधल्या खडकावर ती सगळी एकमेकांना घट्ट धरून उभी होती. पाणी चढत गेलं, काठ चार पावलांवर होता, पण त्या चार पावलांत ओढा आला होता. पुढल्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. ही माणसं काही अचाट साहस करायला गेली नव्हती. आपल्यासारखीच, डबे घेऊन, रविवारची म्हणून गेली होती. म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

हद्द ओळखायची कशी?

आता मूळ मुद्दा. ओढा आज कितीही शांत दिसला, तरी त्याचं अंगण त्याहून मोठं असतं. ते त्यानं कसं आखलेलं असतं पाहा.

काठाच्या झुडपांच्या फांद्यांत गवत, काटक्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतील. कधी कमरेएवढ्या, कधी डोक्याच्याही वर. ते वाऱ्यानं आलेलं नसतं. मागच्या पुरात पाणी तिथपर्यंत आलं होतं, ही ओढ्यानं लिहून ठेवलेली खूण आहे. दगड पाहा: जिथपर्यंत ते धुऊन गोल-गुळगुळीत झाले आहेत तिथपर्यंत ओढ्याचं घर. जिथं खडबडीत दगड, माती आणि जुनी झाडं सुरू होतात तिथून आपलं. सतरंजी अंथरायची ती या रेषेच्या वर. डबा उघडायचा तो या रेषेच्या वर. मुलांनी खेळायचं तेही या रेषेच्या वरच.

पाण्यात पाय बुडवायचेच असतील, तर काठाला, उथळ आणि संथ जागी, एका हाताने लहानग्याला धरून, पाचच मिनिटं. मधल्या खडकावर फोटोसाठी जायचं नाही. धबधब्याच्या वरच्या तोंडाशी तर नाहीच नाही. बसण्यापूर्वी काठालगतचा एक दगड खुणेसाठी निवडा: ‘हा अर्धा बुडालेला आहे’. दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे नजर टाका. दुधावर ठेवतो तशी नजर!

पाणी चढतंय याच्या खुणा या:

नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं. पाण्यावरून पानं, काटक्या, फेस जास्त वाहू लागला. मघाशी ओळखीचा करून घेतलेला आवाज बदलला, जड झाला, त्यात दगड गडगडल्यासारखं ऐकू येऊ लागलं. खुणेचा दगड दिसेनासा झाला. किंवा उलट, वाहतं पाणी अचानक कमी झालं. वर कुठं तरी काटक्या-ओंडक्यांचा बांध अडला असेल, तर तो फुटल्यावर सगळं एकदम येतं.

यांतली एक जरी खूण दिसली, तरी चपला-डबे-छत्र्या गोळा करत बसू नका. मुलं उचला आणि चढाच्या बाजूला, उंचावर व्हा. ओढ्याच्या कडेकडेनं खाली पळू नका, पाणी तुमच्याहून जोरात पळतं. ओढा ओलांडून गेला असाल आणि परतीच्या वाटेत तो भरला असेल, तर पलीकडेच थांबा. डोंगरातला लहान ओढा जसा झरझर चढतो, तसाच पाऊस थांबला की दोन-चार तासांत पुष्कळसा उतरतोही. घरी पोचायला रात्र होईल, एवढंच ना? होऊ दे.

कोणी वाहून जाऊ लागलंच, तर पाठोपाठ उडी मारायची नाही. एकाचे दोन होतात. काठावरून दोर, ओढणी, लांब फांदी, जे असेल ते फेका. ६ ऑगस्ट २०२० रोजी तमिळनाडूत पेरंबलूरजवळ धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत असताना काठावरच्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून त्यांच्याकडे फेकल्या आणि दोघांचे प्राण वाचवले. उरलेले दोघे मात्र हाती लागले नाहीत. पुढं सरकारनं त्या तिघींचा सन्मान केला. प्रसंगावधान म्हणतात ते हे. पण त्यांचं पाणी धरणाचं होतं, पावसातल्या ओढ्याचा ओघ वेगळाच असतो; म्हणून आपण काठावरूनच फेकायचं. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. मात्र दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, हे धरूनच चाला.

‘नाही’ म्हणायचं कोणी?

खरं सांगू? या खुणा कळणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते वेळेवर ‘आता पुरे, वर चला’ असं म्हणणं. दीर-भावोजी, त्यांचे मित्र, सगळे मजेत असतात. आपण बोललो, की ‘हिला सगळ्याचीच भीती!’ म्हणून हसतात. सासूबाई म्हणतात, ‘अगं, एवढे आलोत तर पोरांना खेळू दे थोडं.’ मग आपण गप्प बसतो. दुधाचं पातेलं उतू जाणार हे ज्या बाईला पाठमोरी असतानाही कळतं, तिला पाणी चढलेलं कळत नाही असं थोडंच आहे? कळतं. आपण बोलत नाही.

म्हणून ठराव घरूनच करून निघा. आदल्या रात्री, जेवताना, सगळ्यांच्या समोर. ‘कोणीही एकानं, अगदी लहान मुलानंही, “वर चला” म्हटलं तर सगळ्यांनी वर यायचं. का, म्हणून नंतर विचारायचं.’ असं आधीच ठरलं असलं, की तिथं वाद होत नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही. आणि ज्यांनी थोडी घेतलेली आहे, त्यांच्यासोबत ओढ्याकाठी जायचंच नाही. इथं संकोच कामाचा नाही.

निघण्याआधी शिवाजीनगरच्या वेधशाळेचा (जुने पुणेकर जिला अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात) इशारा पाहा. लाल किंवा नारिंगी इशारा असेल, तर घाटात जायचं नाही. इशारा पाहताना पुणे शहराचा नव्हे, घाटमाथ्याचा पाहायचा, बरं का. माझं साधं सूत्र आहे: आषाढात दुरून, श्रावणात जवळून. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ असतो, पाणी त्या मानाने आवरलेलं असतं आणि फुलंही तेव्हाच येऊ लागतात.

तयारी, आपली नेहमीची

कपडे: साडी नको, जीन्सही नको. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि चालताना ओढते. चटकन वाळणारा पंजाबी ड्रेस उत्तम. ओढणी कमरेला घट्ट बांधा. कोरड्या कपड्यांचा एकेक जोड गाडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पायांत: चपला, सँडल बाद. तळाला खोल नक्षी असलेले, मागून बंद बूट. झिजलेल्या बुटांपेक्षा शाळेचे पावसाळी बूट परवडले.

खाणं: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, शेंगदाण्याचे लाडू, खजूर. दह्या-भाताचे डबे सांडतात. कचरा, सालीसुद्धा, घरी परत.

पाणी: आडोसा मिळणार नाही या धास्तीनं आपण बायका दिवसभर पाणीच पीत नाही, आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. असं करू नका. निघताना गावातल्या एखाद्या घरी विचारा, कोणी नाही म्हणत नाही. पाळीचे दिवस जवळ असतील तर सामान जवळ ठेवा. वापरलेलं कागदात गुंडाळून परत आणा.

जळवा आणि साप: काही ठिकाणी जळवा असतात. ओढून काढू नका. नखानं बाजूने हळूच सरकवा किंवा मीठ लावा, जागा धुऊन टाका. ओल्या फांदीवर हिरवा चापडा साप पानासारखाच दिसतो, म्हणून आधारासाठी न पाहता फांदीला हात घालायचा नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. पुढल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत ताप आला, तर पावसाच्या पाण्यात भिजल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घराजवळचाही एक ओढा

हे सगळं शिकून घरी आलात, की खिडकीतून बाहेर पाहा. पुण्यात पुष्कळ घरांच्या मागून एखादा ‘नाला’ जातो. तो मूळचा ओढाच असतो. आंबिल ओढा घ्या. कात्रजच्या डोंगरात तो उगम पावतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या वेळी कात्रजला बांध घालून तिथलं पाणी दगडी नळानं शहरातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. हाच ओढा पुढे धनकवडी, सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल असा मुठेला मिळतो. ‘अरण्येश्वर’! या नावात अजून अरण्य आहे. ओढ्याकाठी मात्र आता भिंतीला भिंत लागून घरं आहेत.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला तुफान पाऊस झाला. थोड्या वेळात आंबिल ओढ्यानं आपली जुनी जागा मागितली. भिंती पडल्या, गाड्या काड्यांसारख्या वाहिल्या, तळमजल्यांवरचे संसार चिखलात गेले. पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली. ती माणसं सहलीला गेली नव्हती. त्यांतली कितीतरी आपापल्या घरी होती. फरक एवढाच, की ती घरं ओढ्याच्या अंगणात उभी राहिली होती, किंवा त्याचं अंगण कोणी तरी भराव घालून आवळलं होतं.

म्हणून नवीन जागा घ्यायला जाल, तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा आणि देवघराची दिशा पाहण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘ओढा कुठून जातो?’ बिल्डरला विचारा, त्याहून शेजारच्या जुन्या आजींना विचारा. नदीकाठची जागा असेल, तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते पाहा. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आणि निर्माल्याची पिशवी पुलावरून खाली टाकताना एवढं आठवा, की पुढल्या पुलाशी ती अडकते, तिच्यामागे दुसरी अडकते, आणि त्यांच्यामागे पाणी.

रानातल्या फांदीवर अडकलेलं वाळकं गवत पाहायला शिकलेली बाई शहरातल्या भिंतीवरची पुराची ओल सहज ओळखते. मुलांना घेऊन जा ओढ्याकाठी. कस्तुराची शीळ ऐकवा, खेकड्याची पिल्लं दाखवा, आणि त्याच वेळी ती रेषाही दाखवा. इथवर त्याचं, इथून आपलं. एवढं ज्या घरातल्या मुलांना कळलं, त्या घरानं पावसाळ्यात खुशाल भिजावं.